चाळणी मोडणारा चाळणीवाला

आमच्या कंपनीची निधनवार्ता मी स्वतः टाइप केली. कंपनी तेव्हा चांगली धडधाकट होती. मजकूर आमच्या जुन्या मराठी इंजिनीयरांचा होता. इथल्या डच वर्तमानपत्रात येते तशी काळी चौकट घालायची सूचनाही त्यांचीच. 'दीर्घ आणि काळजीपूर्वक नियोजनानंतर, सर्व मोठ्या ग्राहकांच्या सान्निध्यात, शांतपणे निधन. फुलं आणू नयेत.' तारखेची जागा रिकामी ठेवली होती. तो कागद त्यांनी कॉफीच्या यंत्राच्या वर चिकटवला आणि दर सोमवारी सकाळी, कपात कॉफी पडेपर्यंत, ते तो मोठ्याने वाचायचे. पहिल्या सोमवारी मला हसू आलं. चौथ्या सोमवारी मी म्हटलं, आता सगळ्यांना पाठ झालंय, पुरे करा.

"पाठ झालं की ऐकू येणं बंद होतं," ते म्हणाले. "म्हणून तर वाचतोय, बाई."

मला ते 'बाई' म्हणायचे, आणि अहोजाहो. मी त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न मात्र कधी सुटला नाही. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पण माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, साताऱ्याकडच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. 'सर' म्हटलं तर म्हणाले, मी काय शाळेत शिकवतो? 'काका' म्हटलं तर म्हणाले, कचेरीत नातं नको. शेवटी मी नुसतं 'अहो' म्हणू लागले. त्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. त्याचा दुसरा अर्थ त्यांच्या लक्षात आला नसावा, किंवा आला असला तरी लग्न न केलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नसावं. लग्न का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

कंपनी बटाट्यांची प्रतवारी करणारी यंत्रं बनवते. मी आले तेव्हा ती सगळी चाळण्यांची होती. शेतातून आलेला बटाटा हलत्या चाळण्यांवरून जायचा. लहान तो चौकोनी भोकातून खाली, मोठा तो पुढे. चाळणी झिजते, तार सैल होते, आणि दर हंगामाला नवी लागते. म्हणजे यंत्र एकदा विकलं की पुढची वीस वर्षं चाळण्या विकायच्या. कंपनीच्या तीन पिढ्या त्यावर जगल्या. कुठल्या शेतकऱ्याला कुठल्या मापाची चाळणी कधी लागेल हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. नवऱ्याला वाखनिंगनला विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, नदीपलीकडे राहू लागलो, आणि मला तिथल्याच या कंपनीत काम मिळालं. बटाट्याबद्दल मला भाजीपुरतंच माहीत होतं, पण यादी आणि वेळापत्रक मला कळतं.

ती चाळणी हलवणारी यंत्रणा या साताऱ्याच्या इंजिनीयरांनी शोधून काढलेली. ते तरुणपणी एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी आले आणि राहिले. त्यांच्या त्या यंत्रणेमुळेच आमचं यंत्र इतरांपेक्षा चांगलं चालायचं, असं सगळे म्हणायचे. त्यामुळे चाळण्यांचे दिवस संपत आले, हे त्यांनीच ओरडून सांगावं याचा लोकांना राग यायचा. दुसरा कोणी बोलला असता तर 'नवा आहे, कळत नाही' म्हणून सोडून दिलं असतं.

एक परदेशी कंपनी कॅमेऱ्याचं यंत्र घेऊन आली होती. त्यात चाळणीच नाही. कॅमेरा प्रत्येक बटाटा बघतो आणि हवेच्या फटक्याने त्याला त्याच्या पट्ट्यावर ढकलतो. सुरुवातीला ते फार हळू होतं. आमच्या मोठ्या ग्राहकांनी बघितलं आणि नको म्हटलं. संचालकांनी, म्हणजे मूळ मालकांच्या नातवाने, ते 'नको' दोन वर्षं प्रत्येक बैठकीत वाचून दाखवलं. ग्राहक देव, आणि देव म्हणतोय नको. नवं तंत्र हा विषय दर बैठकीत शेवटची दहा मिनिटं असायचा, आणि त्यातली पाच आधीच्या विषयाने खाल्लेली असायची.

अशाच एका बैठकीत, तो विषय आल्यावर, आमचे इंजिनीयर उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा अंगावर रिसेप्शनच्या मुलाचं लाल जाकीट होतं, बाह्या तोकड्या. त्यांनी संचालकांशी हस्तांदोलन केलं, त्या परदेशी कंपनीचं नाव सांगितलं, आणि म्हणाले, तुम्ही पोल्डरमधल्या बटाटा सहकारी संस्थेचे व्यवस्थापक ना, तुमच्याकडेच आलोय. पोल्डर म्हणजे समुद्र हटवून मिळवलेली सपाट जमीन, आणि तिथली ती संस्था आमची सगळ्यात मोठी ग्राहक. संचालक हसले आणि खेळात सामील झाले. चाळण्या बदलताना यंत्र किती दिवस बंद असतं? माणसं किती लागतात? आमचं यंत्र विकत घेऊच नका. जेवढे टन चालेल तेवढ्याचं भाडं द्या. पुढच्या वर्षी कॅमेरा सुधारला की आम्ही आपणहून बदलून देऊ. आवडलं नाही तर उचलून नेऊ. संचालक एकेक अडचण काढत होते आणि हे उत्तर देत होते, शांतपणे, एखाद्या खऱ्या विक्रेत्यासारखं. वीसेक मिनिटांनी संचालक सहज बोलून गेले, "मग बसवून कधी द्याल?"

त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

"आता तुम्ही मला थांबवा," ते म्हणाले.

महिन्याभरात त्यांना कॅमेऱ्याचं यंत्र बनवायला वेगळा विभाग मिळाला. त्यांनी अट घातली की मध्ये नदी हवी. खरोखरची. मोठी कंपनी नव्या गोष्टीला रागाने मारत नाही, प्रेमाने मारते, असं ते म्हणायचे. येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देतो आणि सगळ्यांचे सल्ले ऐकून ती गोष्ट जुन्यासारखी होते. म्हणून नदीच्या वाखनिंगनच्या बाजूला, बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या मागची जागा घेतली. चार माणसं: ते, कॅमेऱ्याचं काम करणारे दोन इंजिनीयर, आणि मी. मला का घेतलं हे विचारल्यावर म्हणाले, तुम्ही लोकांना नाही म्हणता आणि मग झोपू शकता.

नियम एकच, पण कडक. मुख्य कचेरीत जायचं नाही, तिथल्या कोणाला इकडे बोलवायचं नाही, काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. आम्हा तिघांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. अडचण त्यांचीच होती. ते कंपनीच्याच गावात राहायचे. रोज सकाळी सायकलवरून वर्कशॉपच्या दारावरून फेरीबोटीकडे जायचे. तीस वर्षं दुपारचं जेवण त्यांनी त्या वर्कशॉपमध्ये केलं होतं, चाळण्या विणणाऱ्या अकरा माणसांबरोबर. ते ब्रेड-चीज खायचे आणि चीजवर साताऱ्याहून येणारी लसणाची चटणी भुरभुरायचे. वर्कशॉपचा फोरमन त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, उंच, फार न बोलणारा डच माणूस. तो एकटाच ती चटणी मागून घ्यायचा. बाकीचे खिडकी उघडायचे. या दोघांची मैत्री म्हणजे काय, तर शेजारी बसून जेवणं. आता ते आमच्याकडे खिडकीपाशी उभ्याने जेवायचे, पाच मिनिटांत.

पहिल्या हिवाळ्यात त्यांचा वाढदिवस आला. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. त्यांनी मोठा ॲपल टार्ट आणला आणि बोलता बोलता त्याचे बारा तुकडे केले. आम्ही चौघे. मी म्हटलं, उरलेले आठ मी घरी जाताना पलीकडे देऊन येते, माझं काय जातंय. ते म्हणाले, नको. नियम तो नियम. मग ते आठ तुकडे त्यांनी रोज दुपारी दोन-दोन करून संपवले, शेवटचे दोन चांगलेच कडक झाले होते. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. नियम करणाऱ्याने तो पाळला, एवढंच.

दोन वर्षांनी यंत्र तयार झालं. संचालकांचं म्हणणं होतं की आधी लहान, सेंद्रिय शेतकऱ्यांना द्यावं. मोठ्या, जुन्या ग्राहकांना हात लावू नये. आपल्याच चाळण्या आपणच कशाला काढायच्या? हे म्हणाले, काढायच्याच आहेत, फक्त कोणी काढायच्या हे ठरवायचंय. आणि एका सकाळी मला गाडी काढायला लावून आल्मेरे शहराच्या पलीकडे, थेट त्या पोल्डरमधल्या सहकारी संस्थेत गेले. तिथल्या व्यवस्थापक बाईंच्या टेबलावर त्या परदेशी कंपनीचं माहितीपत्रक होतं, त्यावर कपाचा ओला गोल डाग. म्हणजे त्यांचा माणूस नुकताच कॉफी पिऊन गेला होता. आम्ही हंगामभर चाचणी ठरवून परतलो. संचालक चिडले, पण डागाबद्दल सांगितल्यावर त्यांनी सही केली.

ऑक्टोबरात यंत्र बसलं आणि पहिल्याच दिवशी फसलं. आमचा कॅमेरा मातीच्या ढेकळांना बटाटे समजत होता. त्याच मापाची, त्याच रंगाची, चिखल लागलेल्या बटाट्यासारखीच गुळगुळीत ढेकळं बटाट्यांबरोबर पट्ट्यावरून निघाली. इंजिनीयर चार दिवस तिथेच बसले. काही सुधारलं नाही. कारण मला फार उशिरा समजलं, आणि ते इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते. आम्ही दोन वर्षं यंत्राला वाखनिंगनच्या आसपासचे बटाटे दाखवले. नदीच्या त्या बाजूला सगळी वाळू. वाळूचं ढेकूळ होतच नाही, हात लावला की सांडतं. पोल्डरमध्ये चिकणमाती आहे. नदीपलीकडे वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. ती माणसं दर हंगामाला शेताशेतांत जाऊन चाळण्या बसवत होती. पण विचारायचं नाही हा नियम होता, आणि मध्ये नदी हवी ही अट.

व्यवस्थापक बाईंनी आठ दिवस दिले. मग त्या परदेशी यंत्र घेणार होत्या. आमच्या चाळण्या तर काढलेल्याच होत्या. म्हणजे जुनंही गेलं आणि नवंही, आणि ही संस्था गेली की बाकीचे ग्राहक तिच्या मागे जाणार हे मला माझ्या यादीवरून दिसत होतं.

शनिवारी सकाळी ह्यांनी मला फोन केला आणि फोरमनच्या घरी सोडा म्हणाले. त्यांच्याच गावात, पायी दहा मिनिटांवर. मला का बोलावलं ते गाडीत बसल्यावर कळलं. त्यांना एकटं जायचं नव्हतं.

त्या गावात ओळखीची माणसं मागच्या अंगणातून स्वयंपाकघराच्या दाराने घरात येतात. पुढच्या दाराची बेल पोस्टमन, विमेवाले आणि अनोळखी लोक वाजवतात. मी सवयीने मागच्या बाजूला वळले, कारण फोरमनच्या बायकोला मीही थोडीफार ओळखत होते. हे पुढच्या दाराशी गेले आणि त्यांनी बेल वाजवली. वाजवून दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, कोट नीट करत.

फोरमनने दार उघडलं. "तू पुढच्या दाराने आलास," तो म्हणाला.

"हो. कामासाठी आलोय."

त्याने आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. ह्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फोरमन खिडकीबाहेर बघत होता. त्याची बायको बाहेरून तीच खिडकी धूत होती, त्यामुळे तो नेमकं कशाकडे बघत होता ते सांगता येत नाही.

"मी सांगितलं तर माझी अकरा माणसं घरी बसणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सगळेच. दोन-तीन वर्षांनी."

"तुला खात्री आहे?"

मला वाटलं हे आता हो म्हणतील. दोन वर्षं दर सोमवारी आम्हाला तेच ऐकवलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

फोरमन आतल्या खोलीत गेला. मग कोट घेऊन आला.

पोल्डरपर्यंत तासाभराचा रस्ता. मी रेडिओ लावला. तिथे फोरमनने यंत्राभोवती एक फेरी मारली, एक ढेकूळ उचलून मुठीत दाबलं, खाली टाकलं. मग म्हणाला, चाळणी नुसती मापत नाही, मारतेही. त्या हलण्याच्या दणक्याने निम्मी ढेकळं फुटतात आणि उरलेली चिरतात. कॅमेऱ्याच्या आधी हातभर लांबीची चाळणी बसव, तारेला रबर लाव म्हणजे बटाटा ठेचणार नाही. फुटतील ती खाली जातील आणि चिरलेली तुझ्या कॅमेऱ्याला ओळखू येतील.

हे ऐकत उभे होते. ती हलणारी यंत्रणा त्यांनी स्वतः काढली होती, पण ढेकळं फोडायला नाही. ते तिच्याकडून आपोआप होत होतं, आणि गेली तीस वर्षं ते फक्त दुरुस्ती करणाऱ्यांना माहीत होतं. "हे तू मला कधी बोलला नाहीस," ते म्हणाले.

"तू विचारलं नाहीस. आपण जेवत होतो."

तो तुकडा फोरमनने रविवार सोडून तीन दिवसांत आपल्या हाताने विणला. बुधवारी बसवला. गुरुवारी व्यवस्थापक बाईंनी चहूबाजूंनी बघितलं आणि ते माहितीपत्रक कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या परदेशी यंत्रालाही पोल्डरच्या ढेकळांनी तसंच रडवलं, हे पुढे कळलं. त्यांच्याकडे हातभर चाळणी नव्हती आणि ती विणणारा माणूसही नव्हता.

पुढचं सांगायला सोपं आहे. कंपनी वाचली. चाळण्यांची माझी यादी एका पानावर आली. वर्कशॉप बंद झालं. हातभर चाळणीसाठी दोन माणसं पुरतात. ह्यांनी त्यातली एक जागा फोरमनसाठी मागून ठेवली होती, संचालकांशी भांडून. फोरमनने ती दोन लहान मुलं असलेल्या एका विणकराला द्यायला सांगितली आणि स्वतः मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये भाषण झालं, फुलं झाली. हे भिंतीपाशी उभे होते. फोरमन रांगेने सगळ्यांशी हात मिळवत आला, ह्यांच्याशीही मिळवला, जेवढा वेळ इतरांशी तेवढाच, आणि पुढे गेला.

आमचा विभाग परत नदी ओलांडून मुख्य कचेरीत आला. हे वर्षभराने निवृत्त झाले. संचालकांनी त्यांना इतर कंपन्यांपुढे व्याख्यानं द्यायला सांगितलं: जुन्या कंपनीने बदलाला कसं तोंड द्यावं. त्यांनी एकच दिलं. त्यात ते फोरमनबद्दल आणि पुढच्या दाराबद्दल इतका वेळ बोलले की नदीच्या फायद्याचा भाग राहूनच गेला. नंतर कोणी बोलावलं नाही. ती व्याख्यानं आता मी देते. नदीचा भाग मी नीट सांगते.

गेल्या मार्चमध्ये माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी गावातून स्टेशनला जायला तिथली छोटी बस पकडली. आठ सीटची बस असते ती, चालवणारे सगळे निवृत्त स्वयंसेवक. दार उघडलं तर चालकाच्या जागेवर फोरमन. त्याने मला ओळखलं, मान हलवली. त्याच्या मागच्याच सीटवर हे बसले होते, मांडीवर टोपी.

मी शेजारी बसले आणि विचारलं, कुठे निघालात?

"कुठे नाही," ते म्हणाले. "दर बुधवारी ह्याची फेरी असते."

ते स्टेशनपर्यंत जातात आणि त्याच बसने परत येतात. कधीपासून, विचारल्यावर म्हणाले, झालं वर्ष. बोलता का काही? ते म्हणाले, बस चालवताना बोलायचं नसतं, सुरक्षेचा नियम आहे. मी म्हटलं, आणि थांबल्यावर? त्यावर त्यांनी खिडकीबाहेर शेताकडे बोट दाखवून, यंदा पेरणीला उशीर होणार, माती अजून ओली आहे, असं काहीतरी सांगितलं.

स्टेशनला पोचल्यावर त्यांनी इतर प्रवाशांसारखं भाड्याचं कार्ड दाराजवळच्या यंत्राला लावलं, उतरले, आणि प्लॅटफॉर्मच्या दिशेने स्वच्छतागृहाकडे गेले. मी गाडीचं वेळापत्रक बघितलं. माझी ट्रेन रद्द झाली होती. दुसरी तासाने. म्हणून मी त्याच बसने परत घरी जायचं ठरवलं आणि पुन्हा चढले. सुटायची वेळ झाली. बसमध्ये मी आणि पिशव्या घेतलेली एक आजी. घड्याळाचा काटा पुढे गेला. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. इथे बस मिनिटावर सुटते, आणि मला घरून एक मीटिंग गाठायची होती. मी पुढे वाकून फोरमनला म्हटलं, वेळ होऊन गेली.

त्याने आरशात बघितलं नाही, मागेही वळला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"एक प्रवासी यायचाय," तो म्हणाला.